कुरिअर आणि ईआरपीची जोडणी: पॅकिंगच्या टेबलापासून महिन्याच्या बिलापर्यंत

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला मी कुरिअरची त्यांच्या ईआरपीशी, म्हणजे ऑर्डर, साठा, बिलं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशी, जोडणी करून दिली. तेव्हा तिथून रोज साठ-सत्तर पार्सलं निघत होती. बिल आधी संगणकावर व्हायचं. मग तोच पत्ता कुरिअरच्या वेबसाइटवर पुन्हा टाइप व्हायचा, लेबल छापलं की एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, रजिस्टरात उतरवायचा आणि शेवटी तो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. एका पार्सलला तीन मिनिटं धरली तरी सत्तर पार्सलांना साडेतीन तास झाले. महिनाअखेरीला कुरिअरचं बिल आलं की खालची एकूण रक्कम बघून पेमेंट व्हायचं. दोन हजार ओळी तपासायला बसणार कोण?

जोडणी बहुतेक जण वेळ वाचावा म्हणून करतात, आणि वेळ वाचतोही. पण पैसा गळतो तो बिलाच्या टोकाला. लेबल छापून बाहेर आलं की प्रोग्रामर काम झालं म्हणून उठतो. माझ्या लेखी कुरिअरचं बिल ओळीला ओळ लावून जुळलं की मगच जोडणी पूर्ण झाली. खालची प्रत्येक पायरी त्याच हिशेबानं सांगतोय.

उदाहरणाला ईआरपीनेक्स्ट घेतलंय. ते मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच लहान कारखान्यांनी ते घेतलंय. तुमच्याकडे दुसरं काही असलं तरी पायऱ्या याच राहतात. टॅलीवाल्यांसाठी मध्ये एक परिच्छेद वेगळा आहे.

आधी ठरवा: स्वतः जोडायचं की मधला माणूस घ्यायचा

दिवसाला पंधरा-वीसच्या आत पार्सलं असतील तर स्वतःची जोडणी लिहू नका. कुरिअरच्या पोर्टलवर एक्सेल फाइल चढवून एका झटक्यात सगळी बुकिंग होतात. ईआरपीतून त्या नमुन्याची फाइल काढणारा एक रिपोर्ट बनवून घेतला की तुमचं नव्वद टक्के काम भागतं.

त्यापुढं दोन वाटा आहेत. शिपरॉकेटसारख्या अ‍ॅग्रिगेटरशी एकदा जोडलं की त्यांच्यामार्फत अनेक कुरिअर मिळतात. दर त्यांचा, तक्रारही त्यांच्याकडेच. नाहीतर डेल्हिव्हरी, ब्लू डार्ट, डीटीडीसी अशा कंपन्यांशी थेट करार करून त्यांचा एपीआय, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरनं त्यांच्या सॉफ्टवेअरशी थेट बोलायची सोय, जोडायचा. थेट करारात दर बोलून कमी करता येतो आणि वजनाचा वाद थेट त्यांच्याशी घालता येतो. कारखान्याचा माल कारखान्याला जात असेल, पेट्या जड असतील आणि गिऱ्हाइकं ठरलेली असतील, तर मी थेट करारच सुचवतो. घरोघरी जाणारा किरकोळ माल असेल, आज लातूर तर उद्या गुवाहाटी अशी स्थिती असेल, तर अ‍ॅग्रिगेटर बरा.

एक गैरसमज इथंच दूर करतो. ईआरपीनेक्स्टसाठी शिपिंगचं तयार अ‍ॅप मिळतं, ते पाहून मालक खूश होतात. पण ते युरोपातल्या सेवांसाठी बनवलेलं आहे. आपल्या कुरिअरसाठी स्वतःचं छोटं अ‍ॅप लिहावं लागतं. ‘शिपमेंट’ नावाचा दस्तऐवज मात्र ईआरपीनेक्स्टमध्ये मुळातच आहे. त्यात पेट्यांची लांबी-रुंदी-उंची, वजन, एडब्ल्यूबी नंबर, ट्रॅकिंगची स्थिती या जागा तयार आहेत. नवं टेबल उभं करण्याऐवजी तोच वापरा.

खातं, किल्ल्या आणि पिकअपचा पत्ता

करार झाला की कुरिअरकडून एपीआयच्या किल्ल्यांचे (म्हणजे गुप्त सांकेतिक शब्दांचे) दोन जोड मागा: चाचणीची किल्ली आणि खरी किल्ली. दोन्ही सर्व्हरवरच्या सेटिंगमध्ये ठेवा. स्क्रीनवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये किल्ली टाकली तर ब्राउझर उघडून कुणीही वाचू शकतो. काही कंपन्या कायमची किल्ली देतात, काही ठरावीक मुदतीचं टोकन देतात. टोकन असेल तर मुदत संपायच्या आधी ते आपोआप नवं करून घेणारं काम शेड्यूलरमध्ये लावा. नाहीतर ऐन संध्याकाळी, पिकअपची गाडी दारात उभी असताना, सगळी बुकिंग अडतात.

पिकअपच्या पत्त्याला कुरिअरच्या दप्तरी एक नाव दिलेलं असतं आणि ते अक्षरशः तसंच पाठवावं लागतं. लहान-मोठी लिपी, मधली जागा, सगळं. त्यामुळे ते कुणाला हातानं टाइप करू देऊ नका. ईआरपीतल्या गोदामाच्या नोंदीला एक जागा जोडा आणि तिथं एकदाच भरून कुलूप लावा.

पत्ते आणि पिनकोड

पत्त्यांची साफसफाई हा या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे, आणि तोच टाळला की पुढं रोज रडावं लागतं. गिऱ्हाइकांचं जुनं मास्टर, म्हणजे ईआरपीतली मूळ यादी, उघडून पाहा. फोन नंबरच्या जागी दोन नंबर तिरप्या रेघेनं लिहिलेले सापडतील, काहींच्या पुढं शून्य, काहींच्या पुढं अधिक एक्क्याण्णव. कुरिअरला दहा आकडे हवेत, ते आधी वेगळे काढा. पत्त्याच्या ओळीला अक्षरांची मर्यादा असते. ‘मारुती मंदिराच्या मागं, जुन्या तालमीशेजारी’ हे नेमकं शेवटी असतं आणि तेच कापलं जातं. खुणेसाठी वेगळी जागा ठेवा आणि ती लेबलवर आधी छापा. देवनागरीत लिहिलेला पत्ता बऱ्याच लेबलांवर प्रश्नचिन्हांची माळ होऊन छापला जातो, म्हणून कुरिअरसाठी रोमन लिपीतला पत्ता वेगळा ठेवावा लागतो.

पिनकोड मात्र सोनं आहे. १५ ऑगस्ट १९७२ला तो देशात सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्यानं केली. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, यातून वाट काढायला तो आला. वडगाव नावाची आपल्याकडं किती गावं आहेत ते आठवा, म्हणजे त्याची किंमत कळेल. सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो, तिसऱ्यापर्यंत वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन डिलिव्हरीचं पोस्ट ऑफिस सांगतात.

पण पिनकोडवरून राज्य ओळखायचा शॉर्टकट घेऊ नका. पहिले दोन आकडे ४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र, असा नियम एका प्रोग्रामरनं लिहिला होता. ४०३ गोव्याचा आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मडगावच्या गिऱ्हाइकाच्या पत्त्यात राज्य महाराष्ट्र पडलं, बिलावर परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला आणि ते निस्तरायला क्रेडिट नोट काढावी लागली. जीएसटी नोंदणी असलेल्या गिऱ्हाइकाचं राज्य मालाच्या डिलिव्हरीच्या पत्त्याशी आणि जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांशी ताडून घ्या. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. तसंच ४१६ कोल्हापूरलाही आहे, सांगलीलाही आणि सिंधुदुर्गालाही. त्यामुळे दराचा झोनसुद्धा आकड्यांवरून ठरवायचा नाही, कुरिअरच्या झोनच्या तक्त्यावरून घ्यायचा.

सेवा कुठल्या पिनकोडला आहे, कुठं ओडीए म्हणजे नेहमीच्या हद्दीबाहेरची आहे, ती यादी रोज रात्री उतरवून घ्या. सेल्स ऑर्डर घेतानाच इशारा यायला हवा. पेटी बांधून झाल्यावर ‘तिकडं जात नाही’ हे कळून काय उपयोग?

पेटी आणि वजन

कुरिअर दोन वजनं बघतं. काट्यावरचं आणि पेटीच्या आकाराचं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० नं भागायचं, हे हवाई आणि एक्स्प्रेस पार्सलचं नेहमीचं गणित. रस्त्यानं जाणाऱ्या मालाला भाजक वेगळा असू शकतो, तो करारात बघून घ्या. दोन्हींत जे जास्त त्याचा पैसा लागतो.

त्या कारखान्यात गास्केटची पेटी ४० गुणिले ३० गुणिले २५ची होती. काट्यावर २ किलो ३०० ग्रॅम. गणितानं ३०,००० भागिले ५०००, म्हणजे ६ किलो. मालक वर्षभर सव्वादोन किलोचा माल पाठवतोय असं समजत होते आणि पैसे सहा किलोचे जात होते. यात कुरिअरची चूक काहीच नव्हती. पेटी मोठी होती, एवढंच.

म्हणून पेट्यांचे ठरावीक आकार करा. पाच-सहा पुरतात. ईआरपीनेक्स्टमध्ये पार्सलचे साचे करून ठेवायची सोय आहे. प्रत्येक आकार तिथं भरा आणि पॅकिंगवाल्याला फक्त ‘पेटी क्रमांक ३’ निवडू द्या. टेप घेऊन मोजायला लावलं तर तो अंदाजानं आकडे टाकेल, आणि संध्याकाळच्या घाईत ते साहजिकच आहे.

काटा संगणकाला जोडा. बऱ्याच साध्या इलेक्ट्रॉनिक काट्यांनासुद्धा मागं सिरियल पोर्ट असतो आणि तो सतत वजन पाठवत राहतो. काट्याकडून येणाऱ्या त्या मजकुरात वजन स्थिर झाल्याची खूण असेल तर ती आल्याशिवाय वजन उचलायचं नाही, नाहीतर पेटी ठेवताना हात टेकलेला असतो तोही मोजला जातो. वजन उचललं त्या क्षणी टेबलावरच्या कॅमेऱ्यानं पेटीचा आणि काट्याच्या आकड्यांचा फोटो घेऊन शिपमेंटला जोडायचा. हा फोटो महिनाअखेरीला लागणार आहे.

बुकिंग कुठल्या कागदावर लटकवायचं

सेल्स ऑर्डरवर नको, कारण माल अजून तयार नाही. बिलावरही नको, कारण एका बिलाचा माल दोन दिवसांत दोन वेळा निघू शकतो. डिलिव्हरी नोट (माल पाठवल्याची ईआरपीतली नोंद) सबमिट झाली, पेट्या बांधून वजन झालं, की शिपमेंट तयार करायचं आणि बुकिंग तिथून करायचं. एका डिलिव्हरी नोटच्या तीन पेट्या असतील तर कुरिअर एक मुख्य नंबर आणि बाकीचे त्याला बांधलेले नंबर देतं. तीन सुटी बुकिंग करू नका. किमान भाडं तीनदा लागतं.

टॅलीत बिल होत असेल तर टॅली एक्सएमएल नावाच्या मजकुराच्या साच्यातून बोलतं. टॅली ज्या संगणकावर चालू आहे त्याच्या ९००० या पोर्टवर विनंती पाठवली की व्हाउचर परत मिळतात. मधे एक लहान प्रोग्राम ठेवायचा. तो दर दोन मिनिटांनी नवे व्हाउचर उचलतो, बुकिंग करतो आणि एडब्ल्यूबी नंबर व्हाउचरमध्ये परत लिहितो. टॅलीचा संगणक रात्री बंद होतो हे गृहीत धरून लिहा.

एक पेटी, एकच नंबर

आता मुख्य गोष्ट. इथं चूक झाली की बाकी सगळं कितीही नीट केलं तरी हिशेब लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी इंटरनेट रेंगाळत होतं. पॅकिंगच्या टेबलावरच्या मामांनी बुकिंगचं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. त्यांनी परत दाबलं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “साहेब, नुसतंच फिरत होतं, म्हणलं गेलं नसंल, म्हणून परत दाबलं.” त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण कुरिअरकडं पहिली विनंती पोचली होती, फक्त उत्तर परत यायला वेळ लागला. अकरा पेट्यांना बावीस नंबर पडले. काही पेट्यांवर दुसऱ्या नंबरचं लेबल लागलं आणि ईआरपीत पहिला नंबर राहिला. गिऱ्हाइकाला गेलेल्या नंबरवर चार दिवस काहीच हलत नव्हतं, आणि माल तर पोचलेला होता.

यावर उपाय असा. बुकिंगच्या प्रत्येक विनंतीला आपला स्वतःचा संदर्भ क्रमांक द्यायचा: डिलिव्हरी नोटचा क्रमांक आणि पेटीचा क्रमांक मिळून. डेटाबेसमध्ये या जागेवर ‘पुन्हा तोच चालणार नाही’ असं बंधन घालायचं. बटण दहा वेळा दाबलं तरी ओळ एकच बनते.

त्या ओळीच्या पाच अवस्था ठेवा: तयार, पाठवली, नंबर मिळाला, नाकारली आणि अनिश्चित. सगळी मेख अनिश्चित या शब्दात आहे. ठरावीक वेळेत उत्तर आलं नाही तर विनंती फसली असं धरायचं नाही. ती पोचली असेल, नसेल. पुन्हा पाठवण्याआधी कुरिअरला आपल्या संदर्भ क्रमांकानं विचारायचं: याचं बुकिंग तुमच्याकडे आहे का? असेल तर तोच नंबर घ्यायचा. नसेल तरच त्याच संदर्भानं पुन्हा पाठवायचं. काही कुरिअर एडब्ल्यूबी नंबर गठ्ठ्यानं आधीच देतात. ही सोय असेल तर जरूर घ्या. पेटीला नंबर आपणच आधी लावतो, त्यामुळे तीच विनंती दोनदा गेली तरी नंबर बदलत नाही.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. डिलिव्हरी नोट सबमिट होत असतानाच, त्याच व्यवहारात कुरिअरला विनंती पाठवली जाते. कुरिअर नंबर देतं आणि पुढच्याच ओळीला स्टॉक कमी पडल्याची चूक येऊन ईआरपी सगळा व्यवहार मागं घेतो. आपल्याकडं डिलिव्हरी नोट नाही, कुरिअरकडं बुकिंग आहे. असं अनाथ बुकिंग शोधणं फार त्रासाचं असतं. म्हणून आधी आपली नोंद पक्की होऊ द्या, मग मागच्या रांगेतल्या कामानं विनंती पाठवा. फ्रॅपेमध्ये (ईआरपीनेक्स्ट ज्या पायावर बांधलंय त्यात) व्यवहार पक्का झाल्यावरच काम रांगेत टाकायची सोय आहे, ती वापरा.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा, तेही ठरवा. नेटवर्क तुटलं किंवा कुरिअरचा सर्व्हर दमला असेल तर एक मिनिटानं, मग पाच, मग पंधरा. पण ‘पिनकोड चुकीचा’ असं उत्तर आलं तर शंभर वेळा पाठवूनही तेच येणार. ते थेट माणसासमोर ठेवा, मराठीत आणि नेमक्या शब्दांत.

पाठवलेली विनंती आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं साठवा. एका पार्टीच्या नावात ‘&’ होतं. त्या कुरिअरला सगळी माहिती फॉर्मच्या एका रकान्यात भरून हवी होती आणि त्या चिन्हापाशी मजकूर कापला जात होता. उत्तर यायचं, ‘माहितीचा साचा चुकीचा’. दोन दिवस आम्ही साचा तपासत बसलो. साठवलेल्या विनंतीत वाक्य अर्ध्यात तुटलेलं दिसलं तेव्हा कोडं सुटलं. तेव्हापासून ‘&’, ‘#’, ‘%’ ही चिन्हं पाठवण्याआधी नीट एन्कोड होतायत का (मजकूर तुटू न देणाऱ्या खुणांत बदलतायत का), हे मी पहिल्याच दिवशी तपासतो.

ई-वे बिल

राज्याबाहेर जाणाऱ्या मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढायचा कागद, लागतं. ही किंमत कर धरून मोजायची. ४३,००० चा माल, १८ टक्के जीएसटी ७,७४०, एकूण ५०,७४०. लागलं. ‘माल तर त्रेचाळीसचाच आहे’ म्हणून सोडून दिलेली पेटी नाक्यावर अडकते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे. पण अंतर जवळ म्हणजे राज्यातच असं नाही. कागल ओलांडून निपाणीला पेटी पाठवली की ती कर्नाटकात गेली, पन्नास हजारांचाच नियम. त्यामुळे ही तपासणी पॅकिंगवाल्याच्या आठवणीवर न सोडता ईआरपीनं करायला हवी.

क्रम असा ठेवा. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर आधी ई-इन्व्हॉइसचा आयआरएन, म्हणजे पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नोंदणी क्रमांक (ही मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासूनची). मग ई-वे बिलाचा भाग अ, त्यात कुरिअरचा ट्रान्सपोर्टर आयडी. गाडीचा नंबर तुम्हाला माहीत नसतो आणि तो तुम्ही भरायचाही नाही. गाडीच्या नंबराचा तो भाग ब कुरिअर भरतं. ई-वे बिलाचा नंबर आला की तो बुकिंगच्या विनंतीतच पाठवा, म्हणजे लेबल आणि कागद एकत्र निघतात. भाग ब पहिल्यांदा भरल्यावर मुदत सुरू होते, दर २०० किलोमीटरला एक दिवस. पेटी त्या दिवशी गेलीच नाही तर ई-वे बिल रद्द करायला २४ तासच असतात. रोज सकाळी ‘काल ई-वे बिल झालं पण पिकअप झाला नाही’ अशी यादी हिशेबनिसाला आपोआप जायला हवी.

लेबल

चार बाय सहा इंचाचा थर्मल प्रिंटर घ्या. पीडीएफ लेबल छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून शंभर टक्के आकार ठेवा. बारकोड थोडा जरी आक्रसला तरी रेषा एकमेकींत मिसळतात आणि हबवर स्कॅन होत नाही. कुरिअर प्रिंटरच्या भाषेतलं लेबल देत असेल तर तेच घ्या, पटकन छापतं. प्रिंटर २०३ डीपीआयचा असेल तर चार इंचांत ८१२ ठिपके मावतात, त्याच हिशेबानं मागा.

लेबल चिकटवल्यावर तेच स्कॅन करून ईआरपीकडून ‘हीच ती पेटी’ असं उत्तर घ्या. दोन लेबलं एकदम छापून अदलाबदल होणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि या एका स्कॅननं ती थांबते.

कोकणातल्या आणि आडवळणाच्या काही गावांना पार्सल स्पीड पोस्टनंच जातं आणि नंबर हातानं टाइप होतो. तिथं तपासणीचा आकडा उपयोगी पडतो. दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणायचं, बेरीज ११ नं भागायची आणि बाकी ११ मधून वजा करायची. १२३४५६७८ ची बेरीज २०४ येते, बाकी ६, म्हणून नववा आकडा ५. उत्तर १० आलं तर ० आणि ११ आलं तर ५ धरायचं. चार ओळींचा हा कोड चुकीचा नंबर जागीच पकडतो.

ट्रॅकिंग

कुरिअर स्वतः खबर देत असेल तर ती घ्या. नसेल तर दर तासाला फक्त न पोचलेल्या पार्सलांची विचारणा करा. खबर आली की लगेच ‘मिळाली’ असं उत्तर द्या आणि पुढचं काम रांगेत टाका, नाहीतर कुरिअर तीच खबर पुन्हापुन्हा पाठवत राहतं. खबरा उलटसुलट क्रमानं येतात. ‘डिलिव्हरी झाली’ आधी आणि ‘डिलिव्हरीला निघालं’ नंतर. स्कॅनच्या वेळेनुसार लावा, येण्याच्या वेळेनुसार नाही. आणि वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते पाहा. सकाळी साडेनऊला झालेली डिलिव्हरी पहाटे चारची दिसत असेल तर साडेपाच तास कुठं गेले ते तुमच्या लक्षात येईल.

प्रत्येक कुरिअरच्या स्थितींचे शब्द वेगळे. आपल्या सात-आठ स्थिती ठरवा आणि एक तक्ता ठेवा. अनोळखी शब्द आला तर तो गाळू नका, तसाच साठवून निरोप पाठवा.

परत आलेल्या मालाबद्दल एवढंच: कुरिअरनं ‘आरटीओ पोचलं’, म्हणजे पार्सल पाठवणाऱ्याकडं परत पोचलं, असं म्हटलं तरी स्टॉक वाढवायचा नाही. पेटी उघडून माल मोजला की मग. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर कुरिअरकडून आलेली रक्कम एडब्ल्यूबीनिहाय लावा. एकरकमी जमा दाखवली की बाकी कुणाकडं आहे ते कधीच कळत नाही.

चालू करताना

एक कुरिअर, एक टेबल, दोन आठवडे. जुनं रजिस्टरही तोवर चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी दोन्ही ताडा. चाचणीच्या खात्यावर सोपे पत्ते घेऊन समाधान मानू नका: गोव्याचा एक, ओडीएतला एक, तीन पेट्यांचा एक, नावात चिन्ह असलेला एक, ५०,००० च्या किंचित वरचा एक, आणि मुद्दाम इंटरनेटची वायर काढून केलेला एक. एमआयडीसीत नेट बंद पडणारच. त्या दिवसासाठी कुरिअरच्या हातानं भरायच्या डॉकेटचं (पार्सलच्या छापील पावत्यांचं) एक पुस्तक टेबलाच्या खणात असू द्या आणि ते नंबर नंतर भरायची जागा ईआरपीत ठेवा. हे सगळं मामांना विचारून करा. कुठलं बटण कुठं हवं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

बिल जुळवणं

बुकिंग होतानाच ईआरपीनं अपेक्षित भाडं काढून शिपमेंटवर लिहून ठेवायचं: झोन, आकारलं जाणारं वजन, वजनाचा टप्पा, मूळ भाडं, फ्युएल सरचार्ज (इंधनापोटी जादा आकारणी), ओडीएची जादा आकारणी, त्यावर १८ टक्के जीएसटी. दर बदलले की जुना तक्ता खोडायचा नाही, ‘कधीपासून’ अशी तारीख घालून नवा जोडायचा.

कुरिअरचं बिल एक्सेलमध्ये एडब्ल्यूबीनिहाय मागा. करार करतानाच मागा, नंतर नाही. ती फाइल आत घेऊन एडब्ल्यूबी नंबरवर जुळवली की ओळींचे गट पडतात. आपल्याकडं नसलेला नंबर. मागच्या महिन्यात आधीच लागलेला नंबर. वजन एका टप्प्यानं जास्त. झोन वेगळा. पोचलेल्या पार्सलाला परतीचं भाडं. बाकीच्या जुळलेल्या ओळी न बघता सोडायच्या. हरकत घ्यायला करारात मुदत असते, ती ईआरपीच्या कॅलेंडरात टाका, आणि प्रत्येक हरकतीला काट्याचा तो फोटो आणि पेटीचा आकार जोडून पाठवा. नुसतं ‘वजन जास्त लावलंय’ लिहिलेल्या मेलला उत्तर येत नाही; फोटोला येतं.

त्या कारखान्यात पहिल्या महिन्याची जुळणी मी हिशेबनीस ताईंबरोबर बसून केली. वजनाच्या हरकतींचा सगळ्यात मोठा गठ्ठा गास्केटच्या पेटीचा निघाला. कुरिअरनं ६ किलो लावले होते, आमच्याकडं साडेपाच. ताई म्हणाल्या, “आधी आपली पेटी मोजून बघूया का?” टेप आणला. उंची २५ भरली. मास्टरमध्ये कुणीतरी २२ टाकली होती. २६,४०० भागिले ५०००, म्हणून आमचं ५.२८ आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यानं साडेपाच. मास्टर दुरुस्त केलं, त्या सगळ्या ओळी हरकतीतून काढल्या आणि उरलेल्या ओळी फोटोंसकट कुरिअरला पाठवल्या. पुढच्या आठवड्यात मालकांनी गास्केटसाठी कमी उंचीच्या पेटीची ऑर्डर दिली.